नाग चावला त्यानंतरचा हात

साप चावलेलं माणूस दवाखान्यातून धडपणे घरी आलं की गावाच्या लेखी गोष्ट संपते. देवाला नारळ फुटतो, बघायला येणारे चार दिवस येऊन जातात, आणि मग "वाचली बाई, नशीब बलवत्तर" एवढंच बोलणं उरतं. माझ्या जिवावरचं संकट दोन-तीन दिवसांत टळलं. उजव्या हाताचं दुखणं त्यानंतर सुरू झालं आणि दीड वर्ष उलटून गेलं तरी ते पुरतं मिटलेलं नाही. सर्पदंशाबद्दल जे कानावर येतं ते सगळं जगण्या-मरण्याचं असतं. चावलेल्या हाताचं, पायाचं पुढं काय होतं हे कुणी सांगत नाही. म्हणून तेवढंच नीट लिहिते आहे.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. थोडी शेती, दोन म्हशी, आणि घरात माझं शिलाई मशीन. २०२३ च्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी धारेच्या आधी वैरण काढायला कडब्याच्या गंजीकडे गेले. पेंढी ओढली आणि मधल्या बोटाच्या वरच्या पेराशी चरचरून आग झाली. पेंढी खाली पडली तेव्हा मागे फणा दिसला. गंजीत उंदीर असतात, त्यांच्या मागे नाग येतो.

शेजारचे नाना ओरडा ऐकून सुतळी घेऊनच धावत आले. दंडाला करकचून आवळायची त्यांची तयारी होती. गावाच्या आरोग्य सेविका, आमच्या आशाताई, यांचं घर दोन दारं सोडून. त्यांनी सुतळी हातातून काढून घेतली. "नाना, आवळू नका. हात जाईल तिचा." मग त्यांनी माझ्या बोटातलं वेढणं साबण लावून काढलं आणि आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाल्या, "बांगड्या वाढवा." आत्या थबकल्या. सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या, त्याही दिवेलागणीला. पण त्यांनी पदराचं टोक मनगटाभोवती धरून एकेक बांगडी स्वतः वाढवली, हात हलू न देता. तासाभरात ते मनगट एवढं सुजलं की बांगड्या राहिल्या असत्या तर त्यांच्या काचा कातडीत रुतल्या असत्या आणि वेढण्याने बोटाचं रक्त तिथंच अडवलं असतं. माझ्या शिवणकामाची लाकडी पट्टी हाताखाली घेऊन ओढणीने सैलसर बांधली आणि आम्ही निघालो. जखमेवर चीर दिली नाही, चोखलं नाही, काही लावलं नाही. माझ्या हाताचं जे काही वाचलं, त्यातलं बरंचसं त्या दहा मिनिटांत अंगणातच वाचलं असं मी आजही मानते.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी हाताआधी डोळे बघितले. "ताई, वर बघा. माझ्या बोटाकडे बघत राहा." मला एकाची दोन बोटं दिसत होती आणि पापण्या उचलता उचलत नव्हत्या. थोडं रक्त काढून त्यांनी कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि वीस मिनिटं तिला कुणी हात लावू नका म्हणून सिस्टरना बजावलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तेव्हा रक्त गोठलेलं होतं. ते ह्यांना म्हणाले, "रक्त गोठतंय, म्हणजे घोणस-फुरसं नाही. पापण्या पडताहेत, म्हणजे नाग नाही तर मण्यार. आणि मण्यार चावली तर हात असा सुजत नाही. नागच आहे." साप मारून, पिशवीत घालून आणायची काही गरज नसते, हे मला त्या रात्री कळलं.

प्रतिविषाच्या दहा बाटल्या सलाईनमधून तासाभरात गेल्या. आपल्याकडे मिळणारं हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर चालतं. तमिळनाडूतल्या इरुळा लोकांची १९७८ साली स्थापन झालेली सोसायटी साप पकडून त्यांचं विष काढते, ते घोड्यांना थोडं थोडं टोचतात आणि त्यांच्या रक्तातून ही लस तयार होते. घोड्याचं असल्यामुळे काही जणांच्या अंगाला ती सोसत नाही. माझ्याही अंगावर गांधी उठल्या, हुडहुडी भरली. लस थांबवून मांडीत एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने परत चालू केली. पापण्यांसाठी वेगळी इंजेक्शनं होती. हे सगळं चालू असताना एक सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन माझ्या हातावर सूज जिथपर्यंत चढली असेल तिथं बॉलपेनाने रेघ मारायच्या आणि रेघेशेजारी वेळ लिहायच्या. तिथून निघेपर्यंत शेवटची रेघ कोपराच्या वर गेली होती.

श्वासाची भीती होती म्हणून रात्रीच साताऱ्याला हलवलं. मशीनवर ठेवायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळे नीट उघडले, पाणी गिळता आलं. आत्यांनी तिथूनच गावी निरोप धाडला, सुटली म्हणून.

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मधलं बोट काळं होतं आणि हाताच्या पाठीवर मोठे पाण्याचे फोड आले होते. फोडांच्या खालची कातडी जांभळट काळी, मध्ये एखादा चांगला तुकडा, मग परत काळं. आणि वास. शेळीची किंवा म्हशीची चिघळलेली जखम मी आयुष्यभर बघत आले आहे, त्यामुळे तो वास कसला हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

मी डॉक्टरांना विचारलं की एवढ्या बाटल्या गेल्या, मग हात काळा का पडतोय? त्यांनी खुर्ची ओढून बसून उत्तर दिलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नागाच्या विषात एक भाग नसांवर काम करतो, त्याने पापण्या पडतात, श्वास बंद होतो. दुसरा भाग जिथं दात लागला तिथल्या पेशी फोडतो. हे दुसरं काम फार झटपट सुरू होतं. रक्तात फिरणारं विष प्रतिविष धरतं, पण चावलेल्या जागी मेलेली कातडी ते जिवंत करू शकत नाही. लवकर दिलं तर पुढचं नुकसान थोडं कमी होतं, झालेलं भरून येत नाही. "त्यामुळे हातासाठी आता अजून बाटल्या देऊन उपयोग नाही. आता काम ड्रेसिंगचं आणि सर्जनचं." नागाचे दात घोणशीच्या दातांपेक्षा आखूड असतात, विष बहुतेक कातडीत आणि तिच्या लगेच खाली राहतं. त्यामुळे वरून फार भयंकर दिसलं तरी खालचे स्नायू बऱ्याचदा शाबूत असतात, असंही ते म्हणाले. त्या वाक्यावर मी बरेच दिवस काढले.

भेटायला येणाऱ्यांत मात्र वेगळीच चर्चा. कुणी म्हणे हात कापावा लागेल, कुणी म्हणे आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं लांब चिरा देऊन सूज मोकळी करतात. एका नात्यातल्या भाऊजींनी तर एका खासगी ठिकाणी बोलणंही करून ठेवलं होतं. तिथं फोटो बघूनच चिरा द्यायला या म्हणून सांगितलं होतं. ह्यांनी ते साताऱ्याच्या डॉक्टरांसमोर मांडलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी माझी बोटं एकेक करून हळूच सरळ केली आणि विचारलं, "जीव जाईल असं दुखतंय का?" दुखत होतं, पण तसं नाही. चांगल्या बोटांची नखं दाबून सोडली, गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं. मनगटाची नाडी यंत्राने ऐकवली.

मग त्यांनी समजावलं ते असं. हातापायात स्नायूंचे कप्पे असतात, त्यांच्याभोवती न ताणणारं आवरण असतं. कप्प्याच्या आत सूज कोंडली आणि दाब फार वाढला तर आतलं रक्त थांबतं, काही तासांत स्नायू मरतात. तेव्हा ते आवरण उभं चिरून मोकळं करावंच लागतं. पण सापाच्या बहुतेक सुजेत पाणी कातडीखाली असतं, कप्प्यात नसतं. वरून हात टणक, चकचकीत, भयानक दिसतो आणि आत दाब ठीक असतो. शंका आली तर सुई घालून दाब मोजता येतो, पाऱ्याच्या चाळीस मिलिमीटरच्या वर असेल तर चिरायचा विचार. उगाच चिरलं तर मोठी उघडी जखम, जंतू, आणि घोणस-फुरशाच्या विषात रक्त गोठत नसेल तर न थांबणारा रक्तस्राव. त्यांनी प्रतिविष गेल्यावर माझा हात उशीच्या अभ्र्यात घालून सलाईनच्या स्टँडला उंच टांगला. दोन दिवसांत सूज उतरायला लागली. तेव्हा घाई झाली असती तर हाताला आज लांब, खोल वण असते आणि फायदा काहीच नसता.

त्याच्याच उलट बाजू मी पुण्यात बघितली. कातडीच्या शस्त्रक्रियेसाठी मला पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं शेजारच्या खाटेवर बीड जिल्ह्यातली ऊसतोडीला आलेली एक मुलगी होती. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, त्या दोघांनी उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, घेतलेली. पहाटे फडात पाचट ओढताना घोट्याशी घोणस चावली. कुणीतरी पिंढरीला दोरी आवळली, आधी देवऋषाकडे नेलं, आणि दोरी दुपारपर्यंत तशीच राहिली. तिचं रक्त गोठत नव्हतं. सहा-सहा तासांनी नळीतलं रक्त बघायचे आणि परत बाटल्या चढवायच्या. लघवी बंद झाली म्हणून डायलिसिस. पोटरी दगडासारखी झाली होती. तिथं सुईने दाब मोजला, रक्त गोठायला लागेपर्यंत थांबले आणि मग दोन्ही बाजूंनी चिरलं. तिच्या बाबतीत ते करावंच लागलं. तरी दोरीच्या खालचं पाऊल परत आलं नाही. शेवटी गुडघ्याखाली पाय काढला. ती रात्री रडायची ती पायासाठी कमी आणि उचल फिटायची कशी म्हणून जास्त. सिस्टर तिला जयपूर फूटबद्दल सांगायच्या, तिच्या चुलत सासऱ्यांना फोनवर फोटो दाखवायच्या. मी आणि ती एकाच महिन्यात, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत चावलो गेलो. तिला आशाताई भेटल्या नाहीत, फरक एवढाच.

पुण्याच्या प्लास्टिक सर्जन मॅडमनी पहिल्या दिवशी हाताला हत्यार लावलं नाही. "मेलेलं आणि जगणारं यांची हद्द ठरू दे. आत्ता कापायला गेले तर जगू शकेल ते पण जाईल." रोज ओलं ड्रेसिंग, पू तपासायला पाठवलेला, त्याप्रमाणे अँटिबायोटिक. चार-पाच दिवसांत काळ्या कातडीभोवती स्पष्ट रेष दिसायला लागली. मग ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन सगळं मेलेलं काढलं. मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं. हाताच्या पाठीवरची निम्म्याहून जास्त कातडी गेली.

शुद्धीवर आल्यावरच्या पहिल्या ड्रेसिंगला मी मुद्दाम बघितलं. सिस्टर म्हणाल्या, मावशी तिकडं तोंड करा. मी नाही केलं. बोटांच्या मुठीच्या हाडांवर पांढऱ्या, चपट्या पट्ट्या उघड्या दिसत होत्या, परकराच्या नाडीसारख्या. मॅडम म्हणाल्या, बोट थोडं हलवा. मी तर्जनी हलवली आणि त्यातली एक पट्टी पुढेमागे सरकली. इतकी वर्षं याच पट्ट्या सुई धरत होत्या, कात्री चालवत होत्या. तेव्हा मी रडले, पण त्या हलताहेत म्हणून.

त्या पट्ट्या म्हणजे स्नायूबंध. ते उघडे राहिले तर सुकून मरतात. त्यांच्यावर मांडीची पातळ कातडी लावली तर ती धरत नाही, कारण खाली रक्त देणारं काही नाही. त्यासाठी चरबीसकट, स्वतःच्या रक्तवाहिनीसकट कातडी लागते. मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जांघेजवळची कातडी तीन बाजूंनी सोडवायची, एका बाजूने अंगाला जोडलेलीच ठेवायची आणि मोकळी बाजू हाताच्या पाठीवर शिवायची. तीन आठवडे हात जांघेला जोडलेला राहणार. तेवढ्यात हाताकडून त्या कातडीला नवीन रक्त मिळायला लागतं, मग जांघेकडचा सांधा तोडायचा. मी शिलाई करणारी बाई, मला चित्र लगेच कळलं. ह्यांना ते ऐकूनच घाम फुटला.

ते तीन आठवडे मी कुणाला नीट सांगितलेले नाहीत, पण ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी ऐकावेत. हात ओटीपोटाच्या खाली चिकटपट्ट्यांनी अडकवलेला, खांदा एकाच कोनात. साडी नाही, गाऊन पुढून उघडा, वर चादर. कूस बदलता येत नाही. शौचाला बेडपॅन, आणि त्यासाठी दुसऱ्याचा हात. झोपेत हात ओढला जाईल म्हणून पहिले काही दिवस कुणीतरी जागं. आत्या दोन आठवडे तिथं राहिल्या. सासू-सुनेत जे अंतर असतं ते त्या खाटेवर राहिलं नाही. त्यांनी मला लहान मुलीसारखं धुतलं-पुसलं आणि एकदाही तोंड वेडंवाकडं केलं नाही. एक विचित्र गोष्ट अशी की हाताच्या पाठीवरच्या त्या कातडीला सिस्टरनी कापूस लावला की मला तो जांघेत जाणवायचा. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, तिच्या नसा अजून तिथल्याच आहेत. खांदा, कोपर आणि मोकळी बोटं दिवसातून कितीदा तरी हलवायला लावायचे, नाहीतर सांधे जाम होतात. ते मी कंटाळा न करता केलं. शेवटच्या दिवसांत सांध्याला रबराची नळी आवळून थोडा थोडा वेळ जांघेकडचं रक्त बंद करायचे आणि कातडीचा रंग बघायचे. रंग टिकला. मग सांधा तोडला. त्याच वेळी मनगटाकडच्या उरलेल्या जखमेवर मांडीची पातळ कातडी लावली. मांडीची ती सोललेली जागा हातापेक्षा जास्त दुखते, याची तयारी ठेवावी. आठवडाभर तिथं चादरही सहन होत नव्हती.

मध्येच एकदा ताप आला, सगळे सांधे धरले, अंगावर परत चट्टे. मला वाटलं विष उलटलं. तसं काही नसतं. प्रतिविष घेतल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत काहींना असा त्रास होतो, गोळ्यांनी जातो. घरी गेल्यावर आला तर लोक परत मंत्र टाकणाऱ्याकडे धावतात म्हणून सांगते, दवाखान्यातच जावं.

घरी आले तेव्हा जखम भरलेली होती आणि हात लाकूड होता. मूठ वळत नव्हती, बोटं पूर्ण सरळही होत नव्हती. वण भरताना आक्रसतो आणि बोटांना आपल्याबरोबर ओढतो. म्हणून रात्री प्लास्टिकची पट्टी, मनगट किंचित मागे, बोटांची मुळं वाकलेली, बोटं सरळ. दिवसा व्यायाम. हाताचे व्यायाम शिकवणारं माणूस आमच्या तालुक्यात नाही, त्यामुळे एसटीने साताऱ्याला. कोमट मेणात हात बुडवायचा, मग एकेक सांधा वाकवायचा. थेरपिस्ट मुलगा माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. तो म्हणाला, "ताई, इथं आठवड्यातून एकदा अर्धा तास. बाकीचे दिवस तुमचे." मग मी घरात जे होतं ते घेतलं. परातीत चवळी पसरून एकेक दाणा चिमटीत उचलायचा. कणीक उजव्या हाताने मळायची, कितीही वेळ लागो. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, काढायचे. पुढे हुक लावणं, काजं करणं. पहिलं काज करायला मला अख्खी दुपार लागली आणि ते मी उसवलं नाही, तो कपडा अजून माझ्याकडे आहे. वणावर खोबरेल तेलाने दाबून मालिश, वर घट्ट हातमोजा, उन्हात झाकायचं. सहा महिन्यांनी मूठ तीन चतुर्थांश वळायला लागली.

नवी कातडी अजून बधिर आहे. तव्याची धग, सुईचं टोक तिथं कळत नाही, म्हणून चुलीपाशी उजवा हात मागे ठेवायची सवय लावून घेतली. थंडीत हात निळसर पडतो आणि आतून ठणकतो. जांघेची चरबी असल्यामुळे हाताची पाठ फुगीर दिसते. बायका पहिल्यांदा बघतात तेव्हा नजर तिथंच अडकते. मला त्याचं फार वाटत नाही. मला वाटतं ते कात्रीचं. जाड कापड कापताना अंगठा आणि मधलं बोट लागतं, आणि मधल्याला पेरच नाही. ब्लाऊज शिवते, पण पूर्वीच्या निम्म्याने.

शस्त्रक्रियांचा खर्च सरकारी योजनेत बसला, तो मोठा आधार होता. पण पुण्याला राहणं, जेवण, गाड्या, ह्यांचे बुडलेले रोज, विकलेली एक म्हैस, हे कुठल्याच कागदात बसत नाही. शेतकऱ्यांसाठी अपघाताची जी मदत आहे तिच्यात माणूस गेला तर दोन लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. माझा हात जागेवर आहे, त्यामुळे अर्जाला उत्तर आलं ते नकाराचं. अर्धा हात गमावलेल्या बाईसाठी रकाना नाही. शेजारच्या खाटेवरच्या त्या मुलीचा पाय गेला, पण तिच्या घरात कुणाच्या नावावर जमीन नाही. ती तर शेतकऱ्याच्या घरातलीच ठरत नाही.

माझी मुलगी कॉलेजात आहे, तिने मला आकडे वाचून दाखवले. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं साप चावून गेली. जगभरात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार मृत्यू होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की हातपाय कापावे लागलेले किंवा कायमचं अपंगत्व आलेले त्याच्या सुमारे तिप्पट. या संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, २०१९ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही निम्म्यावर आणायचं. आपल्या सरकारनेही २०२४ मध्ये आराखडा केला. मृत्यू निम्म्यावर आणायला गावोगाव प्रतिविष लागेल. अपंगत्व कमी करायला मात्र तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट लागेल, जखम ओळखून वेळेत पुढं पाठवणारा डॉक्टर लागेल, आणि रजिस्टरमध्ये "बरा होऊन घरी गेला" लिहिल्यावर महिन्याभराने त्या माणसाला बोलावून हात बघणारं कुणीतरी लागेल. आमच्या पंचक्रोशीतच आकडलेल्या बोटांची, न भरणाऱ्या जखमेची तीन-चार माणसं मला आता ठाऊक आहेत. त्यांतली एकही परत दवाखान्यात गेली नव्हती, कारण ती "बरी" झालेली होती. दोघांना मी साताऱ्याला घेऊन गेले. एका मामांची जखम दोन वर्षं वाहत होती, तिच्यातून पायाचं हाड सडल्याचं निघालं. दुसरी मुलगी दहावीतली, फुरसं चावलेली, तिचा अंगठा व्यायामानेच बराचसा सुटला.

आशाताईंबरोबर आता मी सुगीच्या आधी वस्तीवर जाते. त्या बोलतात, मी हात दाखवते. बायकांना मी एकच गोष्ट परत परत सांगते, की साप हाताला चावला तर आधी बांगड्या आणि अंगठी, पायाला चावला तर पैंजण आणि जोडवी. जोडवी काढायला बायका फार नाराज असतात. आत्या सोबत असल्या की त्याच पुढं होऊन त्यांना समजावतात.

मॅडमनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. हाताच्या पाठीवरच्या कातडीखालची चरबी कमी करायची, आणि तर्जनीच्या मुळाशी वण आक्रसला आहे तो सोडवायचा. म्हणजे कात्री तर्जनीवर घेता येईल. त्यानंतर परत पट्टी, परत मेण, परत चवळी. शेंगा निघाल्या की मोकळीच आहे, तेव्हाच जाणार आहे.